देवळी की दिवळी? भिंतीतल्या छोट्या देवळाचं नाव

मुगभाट | रविवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासात चालली आहे. गणपती झाले की खोल्या रिकाम्या करायच्या. काल आर्किटेक्टच्या ऑफिसातून एक मुलगी मोजमापं घ्यायला आली होती. खोली, मोरी, पोटमाळा सगळं टेपने मोजून वहीत उतरवत ती दारापाशी आली आणि उजव्या हाताच्या भिंतीतल्या खोबणीकडे बोट दाखवून म्हणाली, "काकू, हा कोनाडा ना?"

आई आतून म्हणाली, "कोनाडा नको लिहूस गं. ती देवळी आहे."

तेवढ्यात शेजारच्या मावशी दारात आल्या. त्या म्हणाल्या, "देवळी कसली, दिवळी. दिवा ठेवतात म्हणून दिवळी." दोघी चाळीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहतायत. बाळंतपणापासून आजारपणापर्यंत एकमेकींचं सगळं केलंय. आणि हा शब्द दोघींच्या तोंडी वेगळा आहे हे काल पहिल्यांदा कळलं. त्या मुलीने शेवटी वहीत इंग्रजी शब्द 'नीश' लिहिला आणि ती पुढच्या खोलीत गेली.

मला ते रात्रभर लागून राहिलं. सकाळी स्टूल घेऊन नीट बघितलं. रुंदी ९ इंच, मधोमध उंची १४ इंच, खोली ८ इंच. वर पाच पाकळ्यांची महिरप. दोन्ही बाजूंना बोटाएवढे जाड खांब, भिंतीतच उठवलेले. महिरपीच्या टोकावर काहीतरी गोल आहे, पण चुन्याचे आणि नंतर डिस्टेंपरचे इतके थर बसलेत की तो कळस आहे की नुसता गोळा, ते कळत नाही. आतलं छत काजळीने काळं कुळकुळीत. तळाला तेल मुरून मुरून दगडासारखा गुळगुळीत झालेला तपकिरी डाग. आजी तिन्हीसांजेला इथे पणती ठेवायची, आता आई ठेवते. आत देव नाही. कधीच नव्हता.

तर प्रश्न असा. हा शब्द देवापासून आला की दिव्यापासून? आणि देवापासून आला असेल, तर आत देव नसताना तिला देवळी का म्हणायचं?


ओवळी | रविवार, रात्री ११.०२

मुगभाट, आमच्या कुडाळच्या घरी कोनाडे आणि देवळी दोन्ही होतं, आणि त्यांत फरक अगदी पक्का होता. माजघराच्या भिंतीत कोनाडे. त्यात फणी, कुंकवाचा करंडा, आजोबांची तपकिरीची डबी, काय वाट्टेल ते. देवळ्या फक्त दोन. एक ओटीवर दाराशेजारी आणि एक तुळशीवृंदावनाच्या पोटात. मी लहानपणी एकदा ओटीवरच्या देवळीत सागरगोटे ठेवले तर आजीने हातावर चापटी मारली होती. "थंय कायएक ठेवूचा नाय." दिवसा दिवा नसायचा, तरी ती जागा मोकळी ठेवायची. सकाळी पुसायची आणि एक फूल ठेवायचं.

तेव्हा तुमच्या आईंनी त्या मुलीला थांबवलं ते बरोबर केलं. कोनाडा म्हणजे सामानाची जागा.


कापूसकोंड्या | सोमवार, सकाळी ८.४०

मी मूळचा वर्धा जिल्ह्यातला, आता डोंबिवलीत. आमच्याकडे तालुक्याच्या गावाचंच नाव देवळी. पण घरात भिंतीतल्या जागेला आम्ही दिवळीच म्हणायचो. माझं मत मावशींना. देवळात देव, दिवळीत दिवा. सरळ गोष्ट आहे.


उकार | सोमवार, दुपारी १.२०

धागा फार आवडला. जरा सविस्तर लिहितो.

आधी देऊळ हा शब्द बघू. तो संस्कृतातल्या देवकुल या शब्दापासून आला. कुल म्हटलं की आपल्याला वंश आठवतो, पण कुल म्हणजे घर, राहती वास्तू, आणि त्या घरातली सगळी माणसंही. गुरुकुल म्हणजे गुरूचं घर. राजकुल म्हणजे राजाचं घर, राजवाडा. देवकुल म्हणजे देवाचं घर. प्राकृतात दोन स्वरांच्या मधे सापडलेला क गळून जातो, म्हणून राजकुलाचं झालं राउल आणि देवकुलाचं देउल. मराठीने त्या ल चा ळ केला. राऊळ आणि देऊळ ही अशी सख्खी भावंडं आहेत. विठ्ठलाच्या देवळाला राऊळ म्हणतात, कारण तो पंढरीचा राणा, आणि राणा राहतो ते राऊळ.

हीच वाट बकुल शब्दानेही धरली. बकुल, बउल, आणि कोकणात ओवळ. ओवळीताई, तुम्ही घेतलेलं नाव आणि हे देऊळ एकाच वाटेने मराठीत आलेत.

बंगालीत देउल, ओडियात देउळ. ओडिशात तर हा शब्द वास्तुशास्त्राचा पाया आहे. उंच शिखराचं ते रेखा देउळ, पायऱ्यापायऱ्यांच्या छपराचं पिढा देउळ, लांबट, हत्तीच्या पाठीसारख्या गोलसर छपराचं खाखरा देउळ.

आता देवकुलाला लहानपणाचा प्रत्यय लावा. देवकुलिका. हा शब्द शिल्पशास्त्राच्या मराठी-गुजराती पुस्तकांत आजही चालतो: मोठ्या देवळाच्या आवारातलं छोटं देऊळ. देवकुलिका, देउलिया, देवळी. तेव्हा मुगभाट, तुमच्या दाराशेजारी आहे ते शब्दशः छोटं देऊळ आहे. माझं मत तुमच्या आईंना.


कापूसकोंड्या | सोमवार, दुपारी २.०५

उकारकाका, देऊळ पटलं. पण दिव्यावरून दिवळी का होणार नाही? दिवाळीत ळ आहेच की.


उकार | सोमवार, रात्री ९.३०

चांगला प्रश्न विचारलात. उत्तर त्या ळ मध्येच आहे.

संस्कृतात दोन स्वरांमधला एकेरी ल मराठीत ळ होतो. फल-फळ, कमल-कमळ. पण तिथे जोडाक्षर असेल तर ते प्राकृतात ल्ल होतं आणि मराठीत ल राहतो. मूल्य, मोल्ल, मोल. यातली सगळ्यांत सुंदर जोडी म्हणजे काळ आणि काल. वेळ या अर्थाच्या 'काल' शब्दाचा झाला काळ. आणि पहाट या अर्थाच्या 'कल्य' शब्दाचा, कल्ल होऊन, झाला आपला कालचा दिवस. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी ल एक होता की दोन, ते आपण रोज बोलताना अजून वेगळं ठेवतो.

आता दिवा. दिव्याला लहानपणाचा प्रत्यय लागतो तेव्हा काय होतं? कोकणात विचारा. दिवली. तिथे ल आहे, कारण तो प्रत्यय प्राकृतातल्या दुहेरी ल्ल चा आहे. आणि दिवाळी आली दीपावलीतून. तिथे ळ आहे खरा, पण सोबत वा मधला लांब आ पण आहे, आणि तो जागचा हललेला नाही. दिवळीत ना दिवलीचा ल, ना दिवाळीचा आ. तिच्यात आहे ते 'वळ', आणि ते देवळे, देवळात, देवळाला या सगळ्या रूपांत आहे. म्हणून माझ्या मते दिवळी ही देवळीच. आत रोज दिवा बघून बघून जिभेने दे चा दि केला. तुमच्या घरातला शब्द चुकीचा नाही, कापूसकोंड्या. तो धाकटा आहे.


पायधुनी | मंगळवार, सकाळी ७.५०

उकारकाका, देवकुलिका वाचून राहवलं नाही. मी मराठी, पण माहेर पायधुनीला, १८१२ च्या गोडीजी पार्श्वनाथ देरासराच्या, म्हणजे जैन देवळाच्या, अगदी जवळ. शेजारपाजार सगळा गुजराती जैन. त्यांच्याकडे देवकुलिकेला बोलताना 'देरी' म्हणतात. मुख्य देवळाभोवती चौकात ओळीने देऱ्या, आणि त्यांच्या पुढून फिरायचा जो सोपा, ती 'भमती'. बावन्न देऱ्यांचं असेल तर बावन जिनालय.

अबूला देलवाड्यात मी त्या भमतीतून फिरले आहे. विमलवसही हे तिथलं जैन देऊळ १०३१ सालचं. पन्नासाहून जास्त देवकुलिका आहेत. प्रत्येकीला स्वतःचा उंबरा, स्वतःची चौकट, आत एक तीर्थंकर, आणि दारापुढच्या छताच्या प्रत्येक चौकोनात वेगळी नक्षी. मोठ्या देवळात माणूस दबून जातो. देरीपुढे तसं होत नाही. तिथे वाकून आत डोकावायचं असतं.

शेजारच्या लूणवसहीत, १२३० सालच्या, मंडपात गाभाऱ्याच्या दाराच्या दोन बाजूंना दोन कोनाडे आहेत. त्यांना म्हणतात 'देराणी-जेठाणीना गोखला', म्हणजे धाकट्या-थोरल्या जावांचे कोनाडे. संगमरवराचं ते काम बघून हे भिंतीत कोरलंय की मेणात, असा प्रश्न पडतो. आणि हे 'कोनाडे' म्हणजे खांब, छप्पर, शिखर सगळं असलेली पूर्ण देवळं आहेत, फक्त भिंतीत बसवलेली. मुगभाट, तुमच्या देवळीचे ते बोटाएवढे खांब वाचताना मला तेच आठवलं.


उकार | मंगळवार, सकाळी ९.१५

पायधुनीताई, फार छान. एक जोड देतो. देरी आणि देवळी अर्थाने एक, पण मूळ वेगळं. देरी आली देवगृह शब्दातून. देवगृहाचंच प्राकृतात देवहर झालं, आणि मराठीत त्याचा देव्हारा. म्हणजे आपल्या घरात देवाचं घर दोनदा येऊन बसलंय: देवकुलाची देवळी आणि देवगृहाचा देव्हारा. आणि गोखला हा गवाक्ष, गोख या वाटेने आलेला. तो आधी झरोका होता.

गुजरातीत 'देवळ' शब्दाचा आज रूढ अर्थ मात्र ख्रिस्ती चर्च. शब्द तोच, देवकुल. घर देवाचं, एवढंच तो सांगतो.


चुनागच्ची | मंगळवार, रात्री ११.४०

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. शब्दाचं उकारकाकांनी सांगितलं, मी भिंतीचं सांगते.

मुगभाट, तुमची भिंत किती जाड आहे ते मोजा. जुन्या चाळीत तळमजल्याची बाहेरची भिंत दीड फुटाची असते, वरच्या मजल्यांवर ती कमी होत जाते. वीट ९ इंचांची, म्हणून भिंती ९, साडेतेरा, १८ अशा मापात. तुमची देवळी ८ इंच खोल आहे, म्हणजे मागे अजून वीतभर तरी वीट असणार. आणि त्या भिंतीवर वरच्या मजल्यांचा भार आहे. अशा भिंतीत भोक ठेवायचं तर वरचा भार बाजूंना वळवावा लागतो. म्हणून गवंडी विटा उभ्या लावून छोटी कमान करतो आणि तिच्यावर चुन्याने महिरपीच्या पाकळ्या काढतो. दिसते ती नक्षी, पण तिच्या मागची कमान काम करत असते. शंभर वर्षं करत आलीय.

नव्या इमारतीत भार सिमेंटच्या खांब-तुळयांवर असतो. भिंत फक्त आडोसा, हलक्या ब्लॉकची, ४ ते ६ इंचांची. तिच्यात ८ इंच खोल देवळी बसणारच नाही. आपल्या घरांतून देवळी गेली ती कोणी श्रद्धा सोडली म्हणून गेली नाही. भिंत पातळ झाली, म्हणून गेली. मग देव्हारा विकत आणून कपाटावर किंवा स्वयंपाकघरात टांगावा लागला.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आत देव नसताना देवळी का. यासाठी एकदा मध्य रेल्वेने अंबरनाथला जा. तिथलं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं. शिखराची शैली भूमिज. त्यात शिखराच्या मधोमध चारी बाजूंनी खालून वर जाणारे पट्टे असतात, आणि पट्ट्यांच्या मधल्या जागेत त्याच शिखराच्या छोट्या छोट्या प्रतिकृती, प्रत्येक एका खांबावर, एकीवर एक ओळीने रचलेल्या. अंबरनाथचा वरचा भाग पडलाय. सिन्नरच्या गोंदेश्वराचं शिखर शाबूत आहे, तिथे या ओळी उन्हात बोट ठेवून मोजता येतात. त्या छोट्या देवळांत आत काहीच नाही. भरीव दगड आहे तो. पण देऊळ देवळांनीच बांधायचं, ही आपल्या स्थपतींची रीत. वेरूळच्या कैलासावर बघा, मजल्यामजल्यावर कडेने चौकोनी घुमटाची 'कूट' आणि लांबट छपराची 'शाला' रांगेने मांडली आहेत. तीही छोटी देवळंच. कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला आपण मुंबईचे इतके लोक जातो, शेजारच्या लेण्याच्या व्हरांड्यात दोन्ही बाजूंच्या भिंती बघा. कमानीदार दर्शनी भागांच्या माळ्यावर माळे. कोरणाऱ्यांनी पूर्ण इमारती त्या भिंतीवर छोट्या करून ठेवल्यात.

गाभाऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर ज्या खोबणीत मूर्ती बसवतात तिला देवकोष्ठ म्हणतात. तिलाही बाजूला खांब आणि वर छोटं छप्पर. म्हणजे ओळख चौकटीत आहे, आतल्या वस्तूत नाही. दोन खांब, एक कमान, वर कळस, एवढं असलं की ती देवाची जागा झाली. मग आत मूर्ती असो, पणती असो, नाहीतर ओवळीताईंच्या आजीचं एक फूल. साध्या कोनाड्याला या तीन गोष्टी नसतात, चौकोनी भोक असतं. तुमच्या आईंना हा फरक माहीत होता.


ओवळी | बुधवार, सकाळी ६.३०

चुनागच्ची, तुझी पोस्ट वाचून डोळे भरून आले. घर विकलं आमचं. वृंदावन तेवढं आम्ही काढून आणलं, ते आता कांदिवलीला सोसायटीच्या बागेत आहे. त्याच्या पोटातली देवळी पण तशीच आहे. कमान आहे तिला, मी आत्ता खाली जाऊन बघून आले.


माथारपाखाडी | बुधवार, दुपारी १२.१०

मी माझगावचा, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ ख्रिस्ती समाजातला. आमच्या पाखाडीत आणि गिरगावात खोताच्या वाडीत, वांद्र्याला गल्लीगल्लीत क्रूस उभे आहेत ते सगळ्यांनी बघितले असतील. १८९६ च्या प्लेगच्या साथीत लोकांनी रस्त्याच्या कडेला यातले बरेच उभारले. काहींच्या चौथऱ्यात मेणबत्तीसाठी खोबण असते. आमची आजी तिच्यात मेणबत्ती लावून आली की कपाळाला हात लावायची, अगदी तुमच्या आई पणती ठेवताना लावत असतील तसा.

यावरून आठवलं. जेरुसलेमला येशूच्या कबरीवर जी छोटी वास्तू आहे, मोठ्या चर्चच्या पोटात, तिला इंग्रजीत 'एडिक्यूल' म्हणतात. २०१६-१७ मध्ये तिची मोठी दुरुस्ती झाली, कबरीवरची फरशी उचलली होती, तेव्हा बातम्यांत आलं होतं. हा शब्दही असाच 'छोटं देऊळ' असा आहे का?


उकार | बुधवार, दुपारी ३.४५

अगदी तसाच, आणि तुम्ही योग्य वेळी आणलात.

लॅटिनमध्ये 'एडीस' म्हणजे देऊळ. गंमत अशी की याच शब्दाचं अनेकवचन म्हणजे राहतं घर. देवाचं घर आणि माणसाचं घर एकाच शब्दात, आपल्या 'कुल' सारखं. त्याला लहानपणाचा प्रत्यय लावून झालं 'एडिक्युला', छोटं देऊळ. रोमन घरांत कुलदेवता ठेवायची भिंतीतली जागा असायची, दोन खांब आणि वर त्रिकोणी छप्पर. ती एडिक्युला. पुढे युरोपात हीच चौकट देवाशिवायही वापरू लागले. आपल्या फोर्टात जुन्या इमारतींच्या खिडक्या बघा, ज्यांच्या दोन बाजूंना अर्धे खांब आणि डोक्यावर दगडी त्रिकोण आहे. त्या चौकटीचं नाव तेच, एडिक्यूल. खिडकीत देव नाही, पण खिडकीने देवळाचा पोशाख घातलाय.

ॲडम हार्डी हे वास्तुकलेचे अभ्यासक भारतीय देवळांवर लिहिताना याच शब्दाचा आधार घेतात. आपलं शिखर म्हणजे एकातून एक उमलत गेलेले एडिक्यूल, अशी त्यांची मांडणी आहे, आणि चुनागच्चीताईंनी भूमिज शिखराचं सांगितलं ते त्याला धरूनच आहे. मला एवढंच म्हणायचंय की मराठीत लिहिताना आपण एडिक्यूल किंवा 'लघुमंदिर-प्रतिकृती' असा जड शब्द का आणावा? देवळी आहे. अर्थ तोच, घडण तीच, आणि तो अजून गिरगावातल्या एका घरात रोज संध्याकाळी वापरला जातोय.


कापूसकोंड्या | बुधवार, सायंकाळी ५.००

काका, आता मीही देवळीच म्हणतो. घुमटी पण याच घरातली का? रस्त्याकडेला असते ती.


उकार | बुधवार, सायंकाळी ५.२५

नाही. घुमटी घुमटापासून, आणि घुमट फारसी गुंबदापासून. आकारावरून पडलेलं नाव. आणि वाड्याच्या दारातली देवडी, जिथे पहारेकरी बसायचे, तीही वेगळी. ड आणि ळ मध्ये घोळ होतो म्हणून सांगतो.


ओवळी | बुधवार, रात्री १०.५०

एक विचारायचं राहिलं. आमच्या भागात देवळात सेवा करणाऱ्यांनाही 'देवळी' म्हणतात, पुल्लिंगी. तो देवळी आणि ही देवळी यांचा संबंध आहे का?


उकार | गुरुवार, सकाळी ८.१०

आहे, आणि तो मला या सगळ्या धाग्यात सर्वांत जवळचा वाटतो.

देवकुलिका स्त्रीलिंगी, ते छोटं देऊळ. देवकुलिक पुल्लिंगी, तो देवकुलाची राखण करणारा माणूस. मराठीत येईपर्यंत दोन्ही शब्द झिजून एकसारखे झाले.

संस्कृत नाटककार भासाच्या 'प्रतिमा' नाटकात हा देवकुलिक एक पात्र म्हणून येतो. भरत आजोळाहून अयोध्येला परत येतोय. घरी काय झालंय ते त्याला माहीत नाही. नगराबाहेर एक वास्तू दिसते, तिथे तो विसाव्याला थांबतो. आत पुतळे आहेत. देवळी एकेकाचं नाव सांगतो: दिलीप, रघू, अज. ही सगळी माझीच माणसं, हे भरताला उमगतं. चौथ्या पुतळ्यापाशी तो अडखळतो. विचारतो, जिवंत माणसांचेही पुतळे इथे ठेवतात का? नाही, फक्त गेलेल्यांचे. चौथा पुतळा दशरथाचा आहे. बाप गेल्याचं भरताला असं कळतं, त्या देवकुलात, त्या देवळीच्या तोंडून.

हे निव्वळ नाटकातलं नाही. मथुरेजवळ माट गावी १९११-१२ मध्ये उत्खनन झालं, त्यात कुषाण राजांचे पुतळे असलेली अशीच वास्तू निघाली. डोकं नसलेला, लांब अंगरख्यातला, जाड बुटांतला कनिष्काचा पुतळा आपण शाळेच्या पुस्तकात बघितलाय, तो तिथलाच. तिथल्या सिंहासनावर बसलेल्या पुतळ्याच्या लेखात देवकुल हा शब्द कोरलेला आहे, बाग, तळं आणि विहीर यांच्याबरोबर. म्हणजे जवळजवळ १९०० वर्षांपूर्वीचा शब्द. त्या काळी देवकुलात पूर्वजही असायचे.

मुगभाट, तुम्ही लिहिलंत की आत कधीच देव नव्हता. पण आजी तिथे दिवा ठेवायची, आणि आता आई ठेवते.


मुगभाट | शुक्रवार, रात्री ९.२०

पाच दिवस काही लिहिलं नाही, कारण हातात काम होतं.

चुनागच्ची, भिंत १८ इंच निघाली. तुमचा अंदाज बरोबर. मग राहवेना. ओलं फडकं अर्धा अर्धा तास लावून ठेवलं आणि आइस्क्रीमच्या लाकडी चमच्याने महिरपीच्या टोकावरचे थर हलके हलके काढले. आधी फिकट हिरवा डिस्टेंपर, त्याखाली पिवळा, मग चुना, चुना, चुना. नखभर जाडीचा पापुद्रा निघाला. खाली कळस आहे. अर्ध्या अंगठ्याएवढा, खाली कमळाच्या पाकळ्या, आठ मोजल्या. पाकळ्यांच्या खाचेत गेरूचा लाल रंग अजून आहे. आई शेजारी स्टूलला धरून उभी होती. ती एवढंच म्हणाली, "सासूबाईंनाही हे ठाऊक नसेल."

उकारकाकांच्या सगळ्या पोस्ट मी दोघींना वाचून दाखवल्या. काल आणि काळचं ऐकून मावशी म्हणाल्या, "असेल बाबा, पण मी दिवळीच म्हणणार." आई म्हणाली, "म्हण की." आणि दोघींनी चहा घेतला. आर्किटेक्टच्या ऑफिसला फोन केला. त्या मुलीने 'नीश' खोडून देवळी लिहून घेतलं. दोनदा विचारलं, ळ ना? ळच, म्हटलं.

आता मदत हवीय. ही काढून नेता येईल का? बिल्डरचा माणूस म्हणाला, कापून काढू, मग तुकडे झाले तर आमची जबाबदारी नाही. नाही जमलं तर नव्या घरात तशी करता येईल का, ६ इंचांच्या भिंतीत?


चुनागच्ची | शुक्रवार, रात्री १०.०५

त्यांना हात लावू देऊ नका. कमान भिंतीत विणलेली आहे, अख्खी निघणार नाही. पाकळ्या आणि कळस मात्र चुन्याचे आहेत, ते मागच्या विटेपासून सुटे होऊ शकतात. ते शेवटच्या आठवड्यात, खोली रिकामी झाल्यावर करू. त्याआधी साचा घ्यायचा.

नव्या घराचा नकाशा पाठवा. दाराजवळ सिमेंटचा खांब भिंतीच्या पुढे आलेला असतो, तो बहुतेक ९ ते १२ इंच. खांबाला अजिबात धक्का लावायचा नाही, पण त्याच्या बाजूला जो कोपरा मिळतो तिथे भिंत तेवढीच पुढे घेतली की ८ इंच खोली मिळते. कमान विटेची करू, भार नसला तरी. महिरप चुन्यातच. पीओपी नको, त्याला तेल सोसत नाही, वर्षाच्या आत डाग पडून पापुद्रे सुटतील.

मी रविवारी सकाळी १० वाजता येते. तोपर्यंत आणखी खरवडू नका, विशेषतः आतली काजळी. ती तशीच हवीय, साचा घेताना तिचाही कागदावर ठसा घेऊ. आणि आईंना सांगा, पणती रोजच्यासारखी लावू दे. फक्त शनिवारी रात्रीनंतर तेल घालू नका, तळ कोरडा लागेल.